‘प्रिसाइज’ आणि ‘ॲक्युरेट’ : औषधशाळेच्या दृष्टीने दोन शब्दांचा विचार

परवान्याचे अर्ज, बॅचच्या नोंदी, प्रयोगशाळेचे अहवाल ही सर्व कागदपत्रे बहुधा इंग्रजीत असल्याने काही इंग्रजी शब्द वैद्यवर्गाच्या बोलण्यात रुळले आहेत. ‘प्रिसाइज’ व ‘ॲक्युरेट’ ही त्यांतील एक जोडी. आपण दोन्ही शब्द एकाच अर्थाने वापरतो आणि मराठीत दोहोंना ‘अचूक’ म्हणून मोकळे होतो. औषधनिर्मितीत मात्र हा घोटाळा केवळ भाषेपुरता राहत नाही.

‘ॲक्युरेट’चे मूळ लॅटिन भाषेतील ‘काळजी’ या अर्थाच्या शब्दात आहे. काळजीपूर्वक केलेले, म्हणून चूक नसलेले, असा त्याचा प्रवास झाला. ‘प्रिसाइज’ हा शब्द ‘पुढचा भाग छाटणे’ या अर्थाच्या लॅटिन क्रियापदापासून आला. फापटपसारा छाटून जे नेमके उरते ते प्रिसाइज. म्हणजे पहिल्या शब्दाचा संबंध सत्याशी, तर दुसऱ्याचा रेखीवपणाशी आहे. गाडी ‘७ वाजून ४२ मिनिटांनी सुटते’ हे विधान प्रिसाइज आहे. पण ती प्रत्यक्षात आठ वाजता सुटत असेल, तर ते ॲक्युरेट नाही. उलट ‘आठच्या सुमारास सुटते’ हे ढोबळ विधान ॲक्युरेट ठरते. मापनशास्त्रात हाच भेद पक्का केलेला आहे. पुन्हा पुन्हा मोजल्यावर आकडे एकमेकांशी किती जुळतात, हे प्रिसिजन. आकडा खऱ्या मूल्याच्या किती जवळ आहे, ही ॲक्युरसी.

काही वर्षांपूर्वी एका लहान औषधशाळेत त्रिभुवनकीर्तीच्या गोळ्यांची नोंदवही पाहण्याचा प्रसंग आला. प्रत्येक गोळी १२५ मि.ग्रॅ., फरक फार तर १ मि.ग्रॅ. ‘आमचा काटा अगदी ॲक्युरेट आहे,’ असे मालकांनी अभिमानाने सांगितले. त्यांच्याच पेटीतील १०० मि.ग्रॅ.चे प्रमाणित वजन काट्यावर ठेवून पाहिले, तर ८० दिसले. दहा वेळा ठेवले, दहाही वेळा ८०! शोध घेता कारण साधे निघाले. काट्यात पूर्वीच्या जाड कागदाचे वजन वजावटीसाठी साठवून ठेवले होते. पुढे पातळ बटर पेपर आला आणि ती वजावट बदलायची राहून गेली. नोंदीतील १२५ ची गोळी प्रत्यक्षात १४५ ची होती. या कल्पात सात द्रव्ये समभाग असतात, त्यांत वत्सनाभ एक. म्हणजे गोळीमागे सुमारे १८ मि.ग्रॅ. वत्सनाभाऐवजी जवळजवळ २१ मि.ग्रॅ. पोटात जात होते. शोधन केलेले असले तरी वत्सनाभाच्या बाबतीत ही वाढ दुर्लक्षिण्याजोगी नव्हे, विशेषतः रुग्ण वृद्ध किंवा हृद्रोगी असेल तेव्हा.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. भारतीय औषधकोशातील वजनाच्या एकसारखेपणाची जी चाचणी आहे, तीत ८० ते २५० मि.ग्रॅ.च्या दरम्यानच्या गोळीला सरासरीपासून ७.५ टक्के विचलनाची मुभा आहे. सरासरीपासून, लेबलवरील वजनापासून नव्हे. वरील गोळ्या त्या चाचणीत विनासायास उत्तीर्ण झाल्या असत्या, कारण ती चाचणी प्रिसिजनची आहे.

चुकीचा प्रकारही पाहावा लागतो. काटा सर्वच वजने ५ टक्के कमी दाखवत असेल, तर समभाग कल्पातील प्रमाण बिघडत नाही. सर्वच द्रव्ये सारखी वाढतात. पण प्रत्येक तोलात ठराविक अर्धा ग्रॅम चुकत असेल, तर ५०० ग्रॅम हरीतकीला त्याचे काही वाटणार नाही आणि ५ ग्रॅम कुचल्यात मात्र तीच चूक १० टक्के होईल. विषद्रव्ये नेमकी अल्प मात्रेत पडतात, त्यामुळे असा दोष त्यांच्याच वाट्याला अधिक येतो.

दुसऱ्या टोकालाही जाऊ नये. तोळा ११.६६३८ ग्रॅमचा धरून त्याला ९६ ने भागले की एक गुंज १२१.५ मि.ग्रॅ. येते, आणि काही लेखांत ती दशांशासह दिमाखाने छापलेली आढळते. गुंजेच्या दोन बिया तरी सारख्या वजनाच्या असतात का? आयुर्वेदिक फॉर्म्युलरी ऑफ इंडियाने गुंज १२५ मि.ग्रॅ., मासा १ ग्रॅम आणि कर्ष १२ ग्रॅम असे व्यवहार्य मान ठरवून दिले आहे. दशांशामुळे त्या लेखातील आकडा प्रिसाइज दिसतो, इतकेच.

मराठीत ‘प्रिसाइज’साठी ‘नेमका’ आणि ‘ॲक्युरेट’साठी ‘अचूक’ राखून ठेवावा, असे मला वाटते. ‘अचूक’ या शब्दात चूक नसणे उघडच आहे. ‘काटेकोर’ ऐकताच तराजूचा काटा डोळ्यांपुढे येतो खरा, पण तो माणसाच्या वागण्यालाच अधिक शोभतो. नोंदवहीत मात्र दोन स्वतंत्र रकाने असावेत : एकात गोळ्यांची वजने, दुसऱ्यात त्या दिवशी काम सुरू करण्यापूर्वी, रोजच्याच कागदासह, प्रमाणित वजन ठेवून काट्याने दाखविलेला आकडा.