सूर्य नक्की कोठे उगवतो?

‘सूर्य पूर्वेला उगवतो’ हे वाक्य तुम्ही लहानपणीच पाठ केले आहे. ते कधी पडताळून पाहिले आहे काय? काटेकोरपणे ते वर्षातून दोनदाच, २१ मार्च व २३ सप्टेंबरच्या सुमारास, खरे असते.

पूर्वक्षितिज मोकळे दिसेल अशी एक जागा ठरवा. क्षितिजावरील टेकड्या, झाडे, पाण्याची टाकी यांची आकृती वहीत काढा. दर आठवड्याला त्याच जागी उभे राहून सूर्यबिंबाची पहिली कड जेथे दिसेल तेथे खूण करून तारीख लिहा. (सूर्याकडे टक लावून पाहू नका, दुर्बीण तर मुळीच वापरू नका.) जूनमध्ये ढग आड येतात, म्हणून डिसेंबरात आरंभ करावा.

हात लांब केला असता मिटलेली मूठ सुमारे १०° कोन व्यापते. महाराष्ट्रात २२ डिसेंबर व २१ जून या दिवसांच्या सूर्योदयस्थानांत जवळजवळ ५०°, म्हणजे पाच मुठींचे अंतर असते. पृथ्वीचा अक्ष सुमारे २३.५° कललेला असल्याचा हा परिणाम.

खुणांमधील अंतर मात्र सारखे येणार नाही. झोपाळा टोकाशी थबकतो व मध्यावर वेगात असतो, तसेच येथे घडते. डिसेंबरअखेर सूर्य जागीच खिळल्यासारखा वाटतो. मार्चमध्ये तो रोज जवळजवळ बिंबाच्या रुंदीइतका उत्तरेकडे सरकतो.

आता सांगा : १५ फेब्रुवारीला ज्या झाडामागून सूर्य उगवला, त्याच झाडामागून तो पुन्हा केव्हा उगवेल? उत्तर आधी वहीत लिहा आणि त्या पहाटे जाऊन पाहा.