लपवलेलं मुलांना कळतंच

घरावर संकट आलं की मोठी माणसं सगळ्यात आधी आवाज खाली आणतात. मुलांच्या कानावर जायला नको, एवढाच त्यामागचा हेतू असतो. पण तेरा-चौदा वर्षांच्या पुढच्या मुलांना कुजबुजच नेमकी ऐकू येते. जे अर्धवट कानावर पडतं त्याचा उरलेला भाग ती मनानेच रचतात. तो बहुतेक वेळा खऱ्यापेक्षा भयंकर असतो, आणि त्यात दोषी ती स्वतःच असतात. गिरणी संपात हे आमच्या घरात घडलं, म्हणून कळकळीने लिहिते आहे.

18 जानेवारी 1982 ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईतल्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले. माझे वडील साचे खात्यात होते. मी तेव्हा आठवीत, दादा नववीत. परळच्या चाळीतली 10 बाय 12 ची खोली आणि त्यात सहा माणसं. अशा खोलीत गुपित राहणार कुठे? तरी आई-वडिलांनी ते जिवापाड सांभाळलं. काहीही विचारलं की एकच उत्तर मिळायचं, ‘तुम्ही अभ्यासाकडे बघा.’ आईच्या गळ्यातलं मंगळसूत्र गेलं आणि नुसती काळी पोत उरली. आम्ही ते पाहिलं, पण विचारलं नाही. दूध बंद झालं. वाण्याकडे आईऐवजी आम्हाला पाठवायला लागले, कारण मुलांना तो उधारीवरून बोलत नसे. दोन-चार महिन्यांत संप मिटेल असं सगळेच म्हणत होते. तो मिटलाच नाही. रीतसर मागे घेतल्याचंही कोणी कधी जाहीर केलं नाही.

उन्हाळ्याच्या सुट्टीत दादाला राजापूरकडे काकांच्या गावी पाठवलं. ‘थोडे दिवस जाऊन ये’ एवढंच त्याला सांगितलं होतं. शाळा उघडल्या, पण त्याला आणायला कोणी गेलं नाही. तो आंब्याच्या बागेत कामाला लागला. दहावीला तो बसलाच नाही.

पुढे बऱ्याच वर्षांनी, वडील गेले तेव्हा, तेराव्याला सगळे बसलेले असताना तो आईला म्हणाला, ‘मी भाकऱ्या जास्त खायचो म्हणून मला धाडलंत ना?’ आई अवाक झाली. खरं कारण वेगळंच होतं. चाळीतली त्याच्या वयाची पोरं टोळ्यांच्या नादाला लागत होती, हातात पैसा खेळवत होती. आपला मुलगा त्यात जाऊ नये म्हणून आईने काळजावर दगड ठेवून त्याला दूर केलं होतं. हे एक वाक्य त्याला एसटीत बसवतानाच सांगितलं असतं, तर आपण घरातल्यांना जड झालो होतो हे ओझं त्याने निम्मं आयुष्य वागवलं नसतं.

माझं पोट दुखायचं. रोज सकाळी शाळेच्या वेळेला. दवाखान्यात काही सापडलं नाही, म्हणून नाटक करते असं ठरलं. मी नाटक करत नव्हते, पोट खरंच दुखत होतं. या वयात ताण बरेचदा शरीरातून बोलतो. डोकं दुखतं, झोप उडते किंवा मूल दिवसभर झोपून राहतं, मुलींची पाळी पुढे-मागे होते. मुलग्यांमध्ये तो रागातून बाहेर पडतो. दार आपटणाऱ्या, उलट बोलणाऱ्या मुलाला आपण उद्धट ठरवून मोकळे होतो, आणि तो आतून घाबरलेला आहे हे नजरेतून सुटतं. तपासण्या जरूर कराव्यात. मात्र त्या नॉर्मल आल्या म्हणून दुखणं खोटं ठरत नाही.

मला वाचवलं ते आमच्या वर्गाच्या बाईंनी. त्यांनी खोदून काही विचारलं नाही. शाळा सुटल्यावर वह्या लावायला थांबवून घ्यायच्या. एके दिवशी त्या म्हणाल्या, ‘संप आहे, घरात पैसा नाही, हे मला माहीत आहे. यात तुझा काही दोष नाही. वह्या-पुस्तकांचं मी बघते, तू शाळा सोडायची नाहीस.’ पुढे मी स्वतः शिक्षिका झाले आणि इतकी वर्षं मुलांशी बोलताना त्यांचीच रीत धरली. काय घडलंय ते खरं सांगायचं. त्यात तुझा दोष नाही हे न विचारता सांगायचं. आणि उद्या काय बदलणार नाही, तेही सांगायचं.

खरं सांगायचं म्हणजे सगळं सांगायचं असं नाही. नोकरी गेली असेल तर कर्जाचा आकडा मुलांपुढे मांडायची गरज नाही. ‘बाबांची नोकरी गेली, दुसरी शोधतोय, या वर्षी सहल आणि नवे कपडे नाहीत, तुमची शाळा चालू राहणार’ इतकं पुरतं. आजार असेल तर त्याचं नाव घ्या. कॅन्सरला नुसतं ‘पोटाचं दुखणं’ म्हटलं, तर मूल फोनवर औषधाचं नाव शोधतं आणि रात्री एकटंच वाचत बसतं. आई-वडील वेगळे होणार असतील तर दोघांनी एकत्र बसून सांगावं. त्यानंतर मुलाकडून एकमेकांना निरोप धाडू नयेत, आणि ‘कोण चुकलं, तूच सांग’ हा प्रश्न तर त्याला कधीच विचारू नये. वडिलांचं व्यसन सोडवणं हेही मुलाचं काम नाही. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रासारख्या ठिकाणी कुटुंबाशीही बोलतात, तिथे मोठ्यांनी जावं. एखाद्या प्रश्नाचं उत्तर ठाऊक नसेल तर तसं सांगावं: ‘अजून कळलेलं नाही, कळलं की तुला सांगेन.’ आणि मग खरंच सांगावं.

घरातलं एखादं काम त्यांच्याकडे जरूर द्या, संकटात आपलाही हात लागतोय याने मुलांना बळ येतं. पण कामाला हद्द हवी. संध्याकाळचा भात लावणं, आजीची औषधं आणणं ठीक आहे. ‘आता घरचा कर्ता तूच’ हे मात्र पंधरा वर्षांच्या मुलाला कोणीही म्हणू नये, तेराव्याला आलेल्या पाहुण्यांनी तर नाहीच. हे वाक्य मी फार घरांत ऐकलंय, आणि त्याखाली दबलेली मुलं माझ्या वर्गात बसलेली पाहिली आहेत.

दहावीचं वर्ष आणि घरचं संकट एकत्र आलं तर परीक्षेचं भूत आधी लहान करावं. मार्चमध्ये विषय राहिला तर लगेच पुढच्या काही महिन्यांत पुरवणी परीक्षा असते. दोन विषय राहिले तरी एटीकेटीवर अकरावीला प्रवेश मिळतो. शाळा सुटली असेल तर 17 नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसता येतं. मुलाला हे आधीच माहीत असावं, निकालाच्या दिवशी नव्हे. आई किंवा वडील गेले असतील, मूल एकाच पालकाकडे असेल, तर राज्य सरकारची बाल संगोपन योजना आहे. जिल्ह्याच्या महिला व बाल विकास कार्यालयात तिची चौकशी करावी.

‘मी नसतो तर बरं झालं असतं’, ‘माझ्यामुळे तुम्हाला त्रास’ असं मूल बोलू लागलं, आवडत्या वस्तू वाटू लागलं, मित्रांना तोडू लागलं, तर थांबू नका. शांतपणे सरळ विचारा, ‘जीव द्यावासा वाटतो का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो हा समज चुकीचा आहे. कोणीतरी विचारलं यानेच मुलाला सुटल्यासारखं वाटतं. उत्तर हो आलं तर ओरडू नका, शपथा घालू नका, त्याला एकटं ठेवू नका. फवारणीची औषधं, गोळ्या घरातून हलवा किंवा कुलपात ठेवा. त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाकडे किंवा सरकारी रुग्णालयात घेऊन जा. ‘कोणाला सांगू नकोस’ असं मूल म्हणालं तरी हे गुपित राखायचं नाही, आणि ते राखणार नाही हे त्याला मायेने सांगायचं.

केंद्र सरकारची टेलिमानस सेवा 14416 या नंबरवर रात्रंदिवस मोफत आहे, मराठीत बोलता येतं. 18 वर्षांखालच्या मुलांसाठी 1098 आहे. घरात मारहाण होत असेल, मूल घर सोडून निघालं असेल तरी तिथे फोन करता येतो. फोन मुलानेच करायला हवा असं नाही. शिक्षक, मावशी, शेजारी, कोणीही करू शकतं. आणि ज्या आईला मुलाशी बोलायला तोंडातून शब्द फुटत नाही, तिने आधी स्वतःसाठी 14416 लावावा.