श्वासचाचणीतील ‘शंभर टक्के’ कोणाचे?

फुप्फुसांच्या क्षमतेची चाचणी झाल्यावर नातेवाइकांच्या हाती जो छापील अहवाल येतो, त्यातील ‘अपेक्षित मूल्याची टक्केवारी’ हा रकाना पाहून अनेकजण धास्तावतात. ‘७१ टक्के’ म्हणजे २९ टक्के फुप्फुस निकामी झाले, असा समज करून घेतला जातो. वस्तुतः ही रुग्णाच्याच वयाच्या, उंचीच्या व लिंगाच्या निरोगी व्यक्तींच्या सरासरीशी केलेली तुलना होय.

या निरोगी व्यक्ती कोण, हा प्रश्न मात्र सोपा नाही. लंडनचे शल्यचिकित्सक जॉन हचिन्सन यांनी १८४६ साली दोन हजारांहून अधिक व्यक्तींचा श्वास मोजून, उंचीबरोबर क्षमता वाढते हे दाखविले. आयुर्विम्याच्या तपासणीतही आपले यंत्र उपयोगी पडेल, असे त्यांचे मत होते! (आमच्यासारख्या वाणिज्य शाखेच्या माणसाला याचे विशेष कौतुक वाटते.) २०१२ साली २६ देशांतील ७४,१८७ निरोगी, धूम्रपान न करणाऱ्या व्यक्तींच्या नोंदींवरून आंतरराष्ट्रीय कोष्टके तयार झाली, पण त्यांत भारतीयांसाठी स्वतंत्र कोष्टक नव्हते, ‘इतर’ या गटावर भागवावे लागे. २०२२ साली वंशभेद न करणारे एकच कोष्टक पुढे आले.

समजा, एका रुग्णाने पहिल्या सेकंदात २ लिटर हवा बाहेर टाकली. एका कोष्टकात त्याचे अपेक्षित मूल्य २.५ लिटर असेल, तर ८० टक्के, दुसऱ्यात २.८ असेल, तर ७१ टक्के. फुप्फुसे तीच, श्वास तोच. बदलला तो केवळ भाजक. नोकरीसाठी अथवा शस्त्रक्रियेपूर्वी तपासणीस आलेल्या माणसाच्या दृष्टीने हा फरक लहान नव्हे. शिवाय, सामान्यतेची खालची मर्यादा संकेताने अशी आखतात की, शंभर निरोगी व्यक्तींपैकी पाच तिच्याखालीच असतात. म्हणून केवळ एका आकड्यावरून निदान होत नाही.

‘मग रुग्णालयाने आपलेच कोष्टक का करू नये?’ असे कोणी हितचिंतक विचारतील. एखादे कोष्टक आपल्या लोकांना लागू पडते की नाही, एवढे पडताळण्यासाठीच किमान १५० पुरुष व १५० स्त्रिया हव्यात, असे तज्ज्ञ सांगतात. त्याहून थोड्या लोकांत निव्वळ योगायोगानेही फरक दिसू शकतो. आणि ‘निरोगी’ कोणास म्हणावे? जिने आयुष्यभर चुलीपुढे धूर सोसला, ती विडीला न शिवलेली गृहिणी या यादीत बसते काय? रुग्णांसोबत आलेल्या नातेवाइकांनाच रांगेत बसवून हे काम उरकणारे नाही.

तोपर्यंत आमची विनंती एवढीच : फेरतपासणीस येताना जुना अहवाल अवश्य आणावा. त्यावर कोष्टकाचे नाव छापलेले असते. ते बदलले असल्यास टक्केवारीची नव्हे, तर लिटरच्या आकड्यांची तुलना डॉक्टरांकडून करून घ्यावी. उंचीही दर वेळी पादत्राणे काढून मोजू द्यावी. अपेक्षित मूल्याचा हिशेब तिच्यावरही अवलंबून असतो.