आधी माती, मग मंडप

विश्वामित्रीच्या काठाशी आपणा बडोदेकरांचे नाते फार जुने आहे. सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत १८७९ साली याच नदीकाठी सयाजीबाग, म्हणजे आपल्या सर्वांची कमाटीबाग, आकाराला आली. फतेगंजातील माझ्या दवाखान्यात येणाऱ्या मुलांना इंजेक्शनानंतर शांत करण्यासाठी "आता कमाटीबागेत जायचे ना?" हे वाक्य मी गेली पंचवीस वर्षे वापरत आले आहे, आणि ते क्वचितच वाया गेले आहे.

गेल्या वर्षी काही स्नेह्यांनी एक सुंदर कल्पना मांडली. नदीकाठी एखाद्या बंद पडलेल्या कारखान्याची जागा मिळाली, तर तेथे बागकामातून उपचार करण्यासाठी एक मंडप उभारावा. मतिमंद व स्वमग्न मुले, सेरेब्रल पाल्सीची मुले, पक्षाघातातून सावरणारे ज्येष्ठ, एकटेपणाने खचलेले आजी-आजोबा अशा सर्वांना तेथे मातीत हात घालता यावा. आराखड्याविषयी वैद्यकीय टिपण लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. ते लिहिताना मला माझी स्वतःची एक चूक सांगणे भाग पडले. या लेखाची सुरुवातही तिथूनच करते.

एका चुकीची हकीकत

काही वर्षांपूर्वी विशेष मुलांच्या एका लहानशा वर्गाला मी भाजीचे वाफे करण्याचा सल्ला दिला. मुलांच्या हातांना काम मिळेल, लक्ष एकाग्र होईल, हा हेतू. एका हितचिंतकाने माती विनामूल्य पाठवली. काळी, भुसभुशीत, दिसायला उत्तम. ती कुठून आली हे मी विचारले नाही. शिफारसपत्रावर सही मात्र माझी होती.

त्या वर्गात सहा वर्षांचा एक स्वमग्न मुलगा होता. त्याला माती खाण्याची सवय होती. चार महिन्यांनी त्याची आई त्याला घेऊन आली. भूक मंदावलेली, पोट दुखते, चिडचिड वाढलेली. रक्तात शिशाचे प्रमाण तपासले, तेव्हा ते १९ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर निघाले. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०२१ पासून ३.५ ही संदर्भपातळी मानली आहे आणि जागतिक आरोग्य संघटना ५ किंवा त्याहून अधिक पातळी आढळताच शिशाचा स्रोत शोधून दूर करावा असे सांगते. चौकशी केली, तेव्हा ती माती एका जुन्या कारखान्याच्या आवारातील असल्याचे कळले. तेथे पूर्वी बॅटऱ्यांची दुरुस्ती होत असे.

आम्ही वाफे बंद केले, माती हलवली, मुलाला लोह व कॅल्शियम दिले. शिसे शरीराबाहेर काढणारी औषधे साधारणपणे ४५ च्या वरच्या पातळीला देतात, त्यामुळे त्यांची गरज पडली नाही. आठ महिन्यांनी पातळी ७ वर आली. परंतु रक्तातील आकडा उतरला म्हणून मेंदूवर झालेला परिणाम पुसला जातोच असे नाही, हे आपण डॉक्टर जाणतो. त्या आईने मला एकदाही दोष दिला नाही. "तुम्ही चांगल्यासाठीच सांगितले होते," एवढेच ती म्हणाली. ते वाक्य मला अजून टोचते.

मूल मातीचे प्रमाण वेगळे मोजते

बालरोगशास्त्रातील एक प्राथमिक गोष्ट येथे लक्षात ठेवावी. गिळलेल्या शिशापैकी मुलाचे आतडे प्रौढापेक्षा चार ते पाच पट अधिक शिसे शोषून घेऊ शकते. लोह कमी असेल तर हे शोषण आणखी वाढते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) गुजरातमधील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या ७९.७ टक्के मुलांमध्ये रक्तक्षय आढळला. म्हणजे ज्या मुलांसाठी आपण मंडप बांधू पाहतो, त्यांच्यापैकी अनेकांच्या शरीराचे दार शिशासाठी आधीच उघडे आहे. त्यात बोटे तोंडात घालण्याची, माती चाखण्याची सवय विशेष मुलांमध्ये अधिक काळ टिकते.

याचा अर्थ बागकाम वाईट असा मुळीच नाही. त्याचे मोल आपल्या शास्त्रानेही मानले आहे. रॉजर उलरिच यांनी १९८४ साली 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध केलेला अभ्यास अनेकांना आठवत असेल. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्या २३ रुग्णांच्या खिडकीतून झाडे दिसत होती, ते विटांची भिंत पाहणाऱ्या २३ रुग्णांपेक्षा सरासरी पाऊण दिवस आधी घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकेही कमी लागली. न्यूयॉर्कमध्ये ईस्ट रिव्हरजवळच्या रस्क पुनर्वसन संस्थेत १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून २०१२ पर्यंत एक हरितगृह होते. तेथे अपंग रुग्ण रोपे लावून हातांचे व्यायाम करीत. मात्र या क्षेत्रातील बहुतेक अभ्यास लहान आहेत. बागकाम हे व्यवसायोपचाराचे उत्तम साधन आहे, औषधाचा पर्याय नव्हे, एवढाच दावा आपण करावा.

मुंबईचे दोन धडे

बिघडलेल्या जमिनीचे काय करायचे, याचे दोन मार्ग आपल्याला मुंबईत दिसतात.

पहिला माहीमचा. मिठी नदीच्या काठी, धारावीला लागून शहराचा कचरा टाकण्याची जागा होती. तेथे १९८० च्या दशकात झाडे लावायला सुरुवात झाली आणि १९९४ साली सुमारे ३७ एकरांचे महाराष्ट्र निसर्ग उद्यान लोकांसाठी खुले झाले. कचऱ्याच्या थरांवर माती टाकून त्यावर वृक्ष वाढवले गेले. शाळेची मुले तेथे झाडे, फुलपाखरे व पक्षी पाहायला जातात. मला यातून उमजले ते असे की, बिघडलेली जमीन झाकून तिच्यावर रान वाढवता येते. सावली, पक्षी, गारवा हे सर्व मिळते. परंतु अशा जमिनीतून थेट ताटात येणारी भाजी काढण्याची घाई करू नये.

दुसरा धडा गोदीचा. तेव्हाच्या मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघरात खानपान अधिकारी असलेल्या प्रीती पाटील यांनी २००२ च्या सुमारास त्या स्वयंपाकघराच्या गच्चीवर फळझाडे व भाज्या वाढवायला प्रारंभ केला. माती बाहेरून फारशी आणली नाही. स्वयंपाकघरातील ओला कचरा आणि पालापाचोळा यांपासून तेथेच माती तयार केली. यामागे गणिताचे प्राध्यापक श्री. अ. दाभोळकर यांच्या 'प्रयोग परिवारा'चा विचार होता. आसपासच्या वस्तूंतून सुपीक माती घडवता येते, हे त्यांनी सामान्य माणसाला शिकवले. जुन्या औद्योगिक बंदराच्या मधोमध ही बाग जमिनीला स्पर्श न करता उभी राहिली.

आपल्या मंडपाला हे दोन्ही मार्ग एकत्र करावे लागतील. जमीन झाकून तिच्यावर झाडे वाढवायची, आणि मुलांचे हात ज्या मातीत जातील ती माती जमिनीपासून अलग, उंचावर, आपण स्वतः घडवलेली ठेवायची.

जागेची प्रकृती

रुग्णाचा इतिहास विचारल्याशिवाय आपण औषध लिहीत नाही. जागेचाही इतिहास विचारावा. तेथे काय बनत असे, रसायने कुठे साठवत, राख वा गाळ कुठे टाकत, हे कागदपत्रांपेक्षा जुन्या कामगारांना अधिक ठाऊक असते. त्यांना सन्मानाने बोलावून आवारातून एक फेरी मारावी.

नंतर मातीचे नमुने अनेक ठिकाणांहून, वरच्या थरातून व खोलीवरून घ्यावेत. शिसे, कॅडमियम, क्रोमियम, आर्सेनिक आणि तेलजन्य पदार्थ तपासावेत. तुलनेसाठी एक आकडा सांगते. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने निवासी जमिनीतील शिशाची तपासणीची पातळी जानेवारी २०२४ मध्ये दशलक्षांत ४०० भागांवरून २०० वर आणली. विहिरीचे वा कूपनलिकेचे पाणी वापरायचे असल्यास तेही तपासावे. बडोद्याच्या उद्योगांचे सांडपाणी खंभातच्या आखाताकडे नेणारा पन्नासहून अधिक किलोमीटरांचा कालवा १९८० च्या दशकात सुरू झाला. त्याआधीचे पाणी कुठे मुरत असेल, हा प्रश्न आपण विचारलाच पाहिजे.

वास्तुविशारदांना आणखी एक विनंती. जुन्या कारखान्याच्या लोखंडी खिडक्या आणि दारे मंडपात मिरवण्याचा मोह होतो. घरगुती व सजावटीच्या रंगांतील शिशावर दशलक्षांत ९० भागांची मर्यादा आपल्याकडे २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाली. त्यापूर्वीचा पोपडे सुटणारा रंग म्हणजे मुलांच्या हाताशी ठेवलेले विषच होय. रेल्वेचे जुने स्लीपर वाफ्यांच्या कडेला लावू नयेत. त्यांत मुरवलेले तेल त्वचेला व मातीला घातक असते.

मंडपाची रचना

वाफे टेबलासारखे, पायांवर उभे असावेत. चाकाच्या खुर्चीतील मुलाचे गुडघे खाली सहज जावेत. प्रौढांसाठी ७५ सेंटिमीटर उंची पुरते. लहान मुलांसाठी ५० ते ६० सेंटिमीटरचे वेगळे वाफे हवेत. एकाच बाजूने हात पोहोचणार असेल तर रुंदी ६० सेंटिमीटरांहून अधिक नको. उताराचा मार्ग एकास बारा या प्रमाणात आणि खुर्ची वळवण्यासाठी दीड मीटर मोकळी जागा असावी. मंडपाखालची जमीन फरशीने पूर्ण झाकावी.

बडोद्याचा मे महिना विसरून आराखडा काढू नये. पत्र्याचे छप्पर टाळावे. कौले किंवा दुहेरी छप्पर घालावे आणि पश्चिमेला दाट सावली ठेवावी. हात धुण्याचे नळ मुलांच्या उंचीवर, बाहेर पडण्याच्या वाटेवरच असावेत, म्हणजे हात धुतल्याविना कोणी घरी जाणार नाही. खुर्ची आत जाईल असे स्वच्छतागृह हवे. ते नसेल तर ज्येष्ठ नागरिक दुसऱ्यांदा येणार नाहीत. गोंगाटाने बावरणाऱ्या स्वमग्न मुलासाठी तीन बाजूंनी आडोसा असलेला एक कोपरा राखावा.

झाडे निवडताना कण्हेर, धोत्रा, एरंड, गुंज आवाराबाहेरच ठेवावीत. कोनोकार्पसवर गुजरात शासनाने २०२३ मध्ये बंदी घातली आहे. मेथी लावावी, कारण ती तीन-चार दिवसांत उगवते आणि अधीर मुलाला तेवढीच वाट पाहता येते. पुदिना, गवती चहा, तुळस यांचा वास दृष्टिहीन मुलाला वाफ्याची ओळख पटवतो. झेंडूची फुले दसऱ्याला घरी नेता येतात.

नदीचा मान

विश्वामित्री पावागडाहून उतरते आणि शहरात मगरींना सोबत घेऊन वाहते. ऑगस्ट २०२४ मध्ये धोक्याची पातळी २५ फूट असताना नदीचे पाणी ३५ फुटांच्याही वर गेले आणि मगरी वस्तीत आल्या, हे आपण सर्वांनी पाहिले. म्हणून मंडप त्या पुराच्या रेषेच्या वरच असावा. तशी जागा नसेल तर नदीकाठाचा हट्ट सोडावा. नदीकडील बाजूस भक्कम कुंपण हवे. पूर ओसरल्यावर राहणारा गाळ ही नवी माती असते. ती पुन्हा तपासल्याखेरीज मुलांना आत घेऊ नये. पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिसची भीती असते, तेव्हा पायांत बूट, जखमेवर पट्टी आणि धनुर्वाताची लस पूर्ण असल्याची खात्री या तीन गोष्टींची नोंद दारातच व्हावी.

मंडपातील एक तास

इमारत उभी राहिली म्हणजे उपचार सुरू झाला असे नव्हे. प्रत्येक मुलासाठी व्यवसायोपचार तज्ज्ञाने उद्दिष्ट लिहावे. बी चिमटीत धरणे ही बोटांची कसरत आहे. अर्धा लिटरची झारी दोन्ही हातांनी उचलणे ही दुर्बल हाताला दिलेली संधी आहे. खड्डा, बी, माती, पाणी हा क्रम न चुकता पाळणे हा स्मरणाचा व्यायाम आहे. दर तीन महिन्यांनी प्रगतीची नोंद व्हावी. माती खाण्याची सवय असलेल्या मुलाजवळ एक मोठे माणूस सतत असावे, आणि त्याचे हिमोग्लोबिन व रक्तातील शिसे प्रवेशापूर्वी आणि नंतर सहा महिन्यांनी तपासावे.

ज्याची हकीकत सुरुवातीला सांगितली, तो मुलगा आता किशोरवयात आहे. त्याच्या आईने घराच्या गॅलरीत कुंड्या ठेवल्या आहेत. स्वयंपाकघरातील कचऱ्यापासून ती स्वतः माती करते. मागच्या हिवाळ्यात त्याने मला मेथीची एक जुडी आणून दिली, बोलला काहीच नाही. ती घरी नेऊन मी भाजी केली.

मंडप व्हावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे. निधी गोळा करणाऱ्या बंधुभगिनींना एवढीच नम्र विनंती की, पहिली पावती मातीच्या तपासणीची फाडावी. कोनशिलेची घाई नको. माती निरोगी असल्याचा कागद हाती आला, की शिफारसपत्रावर सही करायला मी तयार आहे. या वेळी ती वाचून, विचारून करीन.