‘पुनरुत्थान’ : एका संज्ञेचा अर्थविचार

ख्रिस्ताचे पुनरुत्थान हा ख्रिस्ती श्रद्धेचा केवळ एक अध्याय नव्हे. तो तिचा पाया होय. ख्रिस्त उठला नसेल तर आपला उपदेश व्यर्थ आहे, असे पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात (सुमारे इ. स. ५४-५५) निःसंदिग्धपणे म्हटले आहे. ही कल्पना भारतीय भाषांत आणताना अनुवादकांपुढे जो प्रश्न उभा राहिला, तो केवळ शब्दयोजनेचा नव्हता. मरण आणि मरणोत्तर स्थिती यांविषयीच्या रूढ कल्पना या भाषांत आधीच दृढमूल होत्या. त्यांतून नव्या कल्पनेला स्वतंत्र वाट काढून द्यावयाची होती. प्रस्तुत लेखात मराठीच्या संदर्भात या वाटेचा विचार करावयाचा आहे.

अशा विचारास बेंगळुरू हे नगर सोयीचे आहे. भारतीय बायबल सोसायटीचे मुख्य कार्यालय येथेच असून, येथील चर्चमधून ईस्टरची उपासना कन्नड, तमिळ, मल्याळम, कोंकणी अशा अनेक भाषांत होते. कन्नड व मराठी या दोन्ही भाषांनी ‘पुनरुत्थान’ हा संस्कृत शब्द पत्करला. तमिळने ‘उयिर्त्तेळुदल’, म्हणजे ‘जीव येऊन उठणे’, असा देशी शब्द घडविला. मूळ ग्रीक ‘अनास्तासिस’चा अर्थही ‘उठून उभे राहणे’ असाच आहे. म्हणजे या शब्दांचे मर्म ‘उठणे’ या साध्या क्रियेत आहे, ‘जन्मणे’ या क्रियेत नाही. म्हणूनच ‘पुनर्जन्म’ हा जवळचा भासणारा शब्द येथे उपयोगी पडत नाही.

मराठी वाचकाच्या मनात याप्रसंगी तीन कल्पना सहज जाग्या होतात. पहिली पुनर्जन्माची. गीतेतील जीर्ण वस्त्रांच्या दृष्टान्तानुसार देही जुना देह टाकून नवा धारण करतो. दुसरी संजीवन समाधीची. ज्ञानदेवांनी १२९६ मध्ये आळंदीस समाधी घेतली, ते तेथे आजही जागृत आहेत, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. तिसरी तुकोबांच्या सदेह वैकुंठगमनाची. या तिन्ही कल्पना आपापल्या जागी अर्थपूर्ण आहेत. तथापि एका बाबतीत त्या पुनरुत्थानाहून भिन्न आहेत. पहिलीत देह गौण ठरतो; उरलेल्या दोहोंत मरण खऱ्या अर्थाने घडतच नाही. सुवार्तेतील येशू मात्र खरोखर मरतो, पुरला जातो, आणि जो मेला तोच उठतो.

या ‘तोच’वर सुवार्तिकांचा विशेष भर दिसतो. योहानाच्या वृत्तान्तात मग्दालिया मरियेला तो प्रथम ओळखू येत नाही. नावाने हाक मारताच ती ओळखते. थोमाला तो हातांवरील व कुशीतील जखमा दाखवितो. उठलेल्या देहावरही वधस्तंभाच्या खुणा कायम आहेत, ही गोष्ट अत्यंत महत्त्वाची आहे. दुसरीकडे, हे केवळ पुनरुज्जीवनही नव्हे. लाजर जिवंत झाला, पण त्याला पुन्हा मरण होतेच; ख्रिस्ताला ते उरलेले नाही. पौलाने यासाठी बीजाचा दृष्टान्त योजिला : पेरलेले आणि उगवलेले यांत सातत्य आहे, पण सारखेपणा नाही. प्रत्यक्ष उठण्याच्या क्षणाचे वर्णन चारही सुवार्तिकांनी केलेले नाही, हेही ध्यानात घ्यावे. रिकामी कबर आणि साक्षीदार एवढेच ते देतात.

या श्रद्धेचे मूळ ज्यू परंपरेत आहे. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात अंतियोखस एपिफानेसच्या छळात धर्मनिष्ठ माणसे मारली गेली, तेव्हा ‘देवाचा न्याय कोठे आहे?’ या प्रश्नातून ती प्रबळ झाली. मक्काबींच्या दुसऱ्या ग्रंथातील सात भावांपैकी एक जण, छाटले जाणारे हात देव परत देईल, अशा विश्वासाने ते पुढे करतो. येशूलाही रोमी सत्तेने अपराधी ठरवून ठार केले. त्याचे उठणे म्हणजे तो निकाल देवाने फिरविणे होय. पुनरुत्थानाचा आशय अमरत्वाइतकाच न्यायाचाही आहे, तो या अर्थाने.

मराठीत ही कथा प्रथम भव्य रूपात आणली ती फादर थॉमस स्टीफन्स यांनी. १६१६ मध्ये रायतूर येथे रोमी लिपीत छापल्या गेलेल्या ख्रिस्तपुराणाच्या दुसऱ्या भागात ख्रिस्तचरित्र ओवीबद्ध झाले. पुराणाचा घाट परिचित होता. त्यातील नायकाचा शेवट मात्र अपरिचित. तीन शतकांनंतर रे. नारायण वामन टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ आरंभिले. १९१९ मध्ये ते निवर्तल्यावर काव्याचा बराच मोठा भाग लक्ष्मीबाईंनी रचिला. रिकाम्या कबरीची पहिली वार्ता स्त्रियांनी आणली. मराठीतील ख्रिस्तकथाही एका स्त्रीने पुढे नेली, हा योग लक्षणीय आहे.

आज ‘पुनरुत्थान’ हा शब्द राष्ट्राच्या वा संस्कृतीच्या संदर्भात गतवैभव परत आणणे या अर्थाने सर्रास वापरला जातो. ख्रिस्ती अर्थ याच्या उलट दिशेचा आहे. तेथे गतकाळाकडे परतणे नाही. मरणाच्या पलीकडील, अद्याप पूर्ण न झालेल्या नव्या सृष्टीचा तो आरंभ आहे. मराठी ख्रिस्ती साहित्य वाचताना हा भेद दृष्टीआड झाला, तर शब्द ओळखीचा राहील, पण आशय हरवेल.