आधी अटी, मग वस्तू

पोरी, बचत गटाच्या बायांना घेऊन तू डाळ मिल टाकायचं मनावर घेतलंस, हे ऐकून बरं वाटलं. आपल्या महागाव तालुक्यात तूर पिकते, पोत्यात भरून बाजार समितीत जाते आणि डाळ होऊन पाकिटातून परत आपल्याच दुकानात येते. मधले पैसे कुठे राहतात ते तुला सांगायला नको. तू माझ्याकडे मशीनच्या कोटेशनबद्दल विचारायला आलीस. कोटेशन काय, कोणीही आणून देईल. माझं सांगणं त्याच्या आधीचं आहे.

वेल्डिंगच्या दुकानात आयुष्य गेल्यावर माणसाला एक गोष्ट पक्की कळते. गिऱ्हाईक वस्तू मागतं, अडचण सांगत नाही. कोणी येऊन म्हणतो, डवऱ्याचं रुमणं वाढवून द्या. त्याला म्हणायचं, बाप्पा, आधी धरून उभा राहा. तो उभा राहिला की दिसतं, रुमणं पुरेसं लांब आहे, मूठ चुकीच्या कोनात बसवलेली आहे, म्हणून मनगट वळतं आणि मनगटापायी कंबर वाकते. मूठ फिरवून दिली की काम झालं, लोखंडही वाचलं. म्हणून पहिला मंत्र हा, की विचारण्यापेक्षा बघ. 'आमची डाळ कशी वाटली?' असं विचारलंस तर प्रत्येक जण 'छान' म्हणेल. त्या 'छान'चा उपयोग शून्य.

त्यापेक्षा ओळखीच्या दोन-चार घरी स्वयंपाकाच्या वेळी जाऊन बस. पाकीट कशाने फोडतात? बहुतेक घरी दाताने, कारण हात ओला असतो आणि कात्री दुसऱ्या खोलीत. कोपरा फाटतो तो आडवा फाटतो, चार दाणे सांडतात. उरलेल्या डाळीला रबर लावतात नाही तर कपड्याचा चिमटा. कोणी लगेच डब्यात ओततं, मग पाकिटावर लिहिलेलं सगळं कचऱ्यात जातं आणि पुढच्या वेळी नाव आठवत नाही. तांड्यावर चुलीवर शिजवणारी बाई आणि पुसदला कुकर लावणारी सून, दोघींची डाळ शिजायची वेळ वेगळी. हे सगळं वहीत उतरवून घे. एवढी माहिती तुला कोणताही सर्व्हे करणारा देणार नाही, आणि मोठ्या कंपनीचा साहेब तर त्या चुलीपर्यंत कधीच पोचत नाही. लहान धंद्याचं भांडवल हेच आहे, की गिऱ्हाईक समोर उभं असतं.

आता दुसरा मंत्र, आणि माझ्या लेखी सगळ्यात मोठा. वस्तू करण्याआधी अटींचा कागद लिही.

हा मी शोधलेला नाही. १९२९ साली गांधीजींच्या अखिल भारतीय चरखा संघाने नव्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस लावलं होतं. त्या काळातले लाख रुपये! बक्षिसापेक्षा अटी बघ. चरखा हलका हवा, उचलून नेता आला पाहिजे, हाताने किंवा पायाने साध्या झोपडीत चालला पाहिजे. बाईला सलग आठ तास काम करता यावं, जीव जाऊ नये. आठ तासांत ठरलेल्या नंबरचं सोळा हजार फूट सूत निघावं. किंमत दीडशे रुपयांच्या आत, आणि तो हिंदुस्थानात बनावा. वेळच्या वेळी देखभाल केली तर वीस वर्षं चालला पाहिजे, आणि त्या देखभालीचा वर्षाचा खर्च किमतीच्या पाच टक्क्यांवर जाता कामा नये. बघ, यात एकही अट 'सुंदर असावा' अशी नाही. वापरणारी कोण, ती किती वेळ बसणार, तिच्या घराला छप्पर कसलं, बिघडला तर पैसे किती लागतील, हे सगळं मात्र आहे. लाकूड हातात घेण्याआधी अर्धं काम कागदावर झालेलं.

ते बक्षीस कोणालाच मिळालं नाही. खुद्द किर्लोस्करांनी यंत्र बनवून पाठवलं होतं, तेही अटींत बसलं नाही. कोणी म्हणेल, मग त्या अटींचा उपयोग काय? उपयोग हाच, की 'जवळपास जमलं' म्हणून कोणालाही पैसे वाटावे लागले नाहीत. अट लिहिलेली नसली की आपण आपल्याच वस्तूच्या प्रेमात पडतो आणि पडती बाजू झाकत बसतो. वर्ध्याला मगन संग्रहालय आहे, १९३८ मध्ये गांधीजींनीच त्याचं उद्घाटन केलं. चरख्याचे कितीतरी प्रकार तिथे बघायला मिळतात. गटातल्या बायांना एकदा घेऊन जा. लोक तिथे इतिहास बघायला जातात, तुम्ही धंदा बघायला जा.

तुझा अटींचा कागद कसा असावा, तेही सांगतो. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने काढलेली 'पीकेव्ही मिनी डाळ मिल' तू घेणार आहेस. चांगली गोष्ट आहे. मोठ्या गिरणीचं काम गावातल्या शेडात उतरवायचं, ही कल्पनाच मोलाची. तूर खरबरीत रोलरवरून काढून सालीला चरे पाडायचे, तेल चोळायचं, वाळवायची, पाणी देऊन मुरवायची, पुन्हा वाळवून भरडायची, हे सगळं तुला माहीत आहे. पण मशीन आणलं म्हणजे मिल झाली असं नाही. मशीनच्या आजूबाजूची जागा तुलाच आखायची आहे.

तूर ओतायचं तोंड किती उंचावर येतं ते आधी मोज. कट्टा उचलून तिथवर नेणारा माणूस रोज मिळणार नाही. तुमच्या गटात पन्नाशीच्या बाया आहेत. त्यांनी घमेल्याने ओतायचं तर छातीच्या वर हात जाता कामा नये. तोंड खाली आणता येत नाही, कारण माल आपल्या वजनाने खाली सरकायला उंची लागते. मग मशीनच्या बाजूने ओटा बांध, त्याला बुटक्या पायऱ्या ठेव. चढताना हातात घमेलं असतं, पाय दिसत नाही, म्हणून उंच पायरी नको. ओट्याला एका बाजूने कठडा. खर्च फार नाही, पण हे नंतर सुचलं तर भिंत फोडावी लागते. तसंच वाळवणाचं. अंगण किती, दिवसाला किती तूर पसरता येईल, त्यावरून मिल किती चालवायची ते ठरव. मशीनच्या ताकदीवरून ठरवू नकोस. आणि चुनी-भुसा एका बाजूला आपोआप पोत्यात पडेल अशी सोय कर. ज्यांच्या घरी म्हशी आहेत ते दारात येऊन घेऊन जातील.

हे सगळं आधी पुठ्ठा, विटा आणि खडूने जमिनीवर मांडून बघ. मशीन येईल तेवढा चौकोन आखायचा, विटांचा ओटा रचायचा, दोघींनी रिकामं घमेलं घेऊन चढून-उतरून बघायचं. कोणी हसलं तर हसू दे.

आता पाकीट. डिझाइन म्हटलं की लोक इथूनच सुरू करतात आणि इथेच संपवतात, म्हणून मी मुद्दाम उशिरा आणलं. छापील पाऊच करायला जाशील तर छपाईचे सिलेंडर करावे लागतात आणि ऑर्डर मोठी द्यावी लागते. पहिल्याच वर्षी तो खर्च डोक्यावर घेऊ नकोस. कोरा उभा राहणारा पाऊच घे, वर स्टिकर लाव. स्टिकर बदलता येतो, सिलेंडर बदलता येत नाही. पाऊचला फाडायची खाच हवी, कारण ओला हात तू स्वतः बघितलेला असेल. झिप परवडत असेल तर लाव, नसेल तर किलोच्या ऐवजी अर्ध्या किलोचं पाकीट काढ, उरायचा प्रश्न कमी होतो.

आपल्या गावावरून नागपूर-तुळजापूर महामार्ग जातो, आणि धनोड्याहून माहूरला वळणाऱ्या गाड्यांची कमी नाही. रेणुकेच्या दर्शनाला जाणारा माणूस पाच किलोची पिशवी घेणार नाही. पिशवीत मावेल, गाडीत फुटणार नाही, घरी गेल्यावर 'माहूरच्या वाटेवर घेतली' असं सांगता येईल, एवढं त्याला पुरतं. गावातल्या बाईला पाकीटच नको असतं, तिला मोजून सुटी डाळ दे आणि दोन रुपये कमी घे. एकाच डाळीचे हे दोन धंदे आहेत.

पुढे हळद काढशील तेव्हा एक ध्यानात ठेव. उजेडाने हळदीचा रंग उतरतो. सगळे पारदर्शक पिशवीत भरतात आणि दुकानदार ती नेमकी उन्हाच्या बाजूला टांगतो. तू अपारदर्शक पाऊच घे, रंग दाखवायचाच असेल तर खालच्या बाजूला बोटभर खिडकी ठेव.

स्टिकरवर उत्पादकाचं नाव-पत्ता, निव्वळ वजन, पॅकिंगचा महिना-वर्ष, सगळ्या करांसह किंमत, तक्रारीसाठी फोन, अन्न परवान्याचा चौदा अंकी नंबर आणि शाकाहाराचं हिरवं चिन्ह, हे कायद्याने लागतंच. ही यादी आधी कागदावर मांड, मग उरलेल्या जागेत चित्र. उलटं केलं की किंमत चष्म्याशिवाय वाचता येत नाही आणि गिऱ्हाईक चिडतं. रंग एकदा ठरवला की वर्षानुवर्षं बदलू नकोस. ज्यांना वाचता येत नाही त्या रंगावरूनच मागतात.

शोभेसाठी बंजारा भरतकामाची नक्षी छापायचा मोह होईल. ती कोणाची आहे? तांड्यावरच्या बायांची. त्यांना विचार, काढून घे, मोबदला दे, पाकिटावर तसं लिही. २०२५ मध्ये इटलीच्या प्राडा कंपनीने कोल्हापुरीसारख्या चपला नाव न घेता मंचावर आणल्या आणि केवढा गदारोळ झाला, ते तू मोबाइलवर बघितलंच असशील. कोल्हापुरीला २०१९ पासून भौगोलिक मानांकन होतं, तरी हे घडलं. मोठ्यांनी आपलं उचललं की आपल्याला राग येतो, मग आपणही दुसऱ्याचं उचलू नये.

तू स्वतः काही नवं घडवलंस, समज पाऊचचा वेगळा आकार किंवा वेगळ्या रूपाचा डबा, तर कोणाला दाखवण्याआधी डिझाइनची नोंदणी कर. इथे भले भले फसतात. प्रदर्शनात मांडलं, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवलं, की ते 'नवं' राहत नाही आणि अर्ज अडतो. लहान उद्योगाला अर्जाची फी हजार रुपये आहे. हक्क दहा वर्षांचा, पुढे आणखी पाच वर्षं वाढवता येतो. ब्रँडचं नाव वेगळं, ते ट्रेडमार्कमध्ये जातं, त्याची फी लहान उद्योगाला ऑनलाइन साडेचार हजार. दोन्हींची गल्लत करू नकोस.

नवी वस्तू लगेच खपली नाही तर घाबरू नकोस, माय. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात १९०३ साली लोखंडी नांगर काढला तेव्हा लोखंडाने जमीन नासते म्हणून शेतकरी हात लावत नव्हते. पुढे त्याच नांगरावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. मात्र खपत नाही म्हणून भाव पाडायच्या आधी अटींचा कागद काढ आणि कोणती अट आपण पाळली नाही ते बघ.

मदत हवी तर वर्ध्याला मगनवाडीतच महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था आहे, ग्रामोद्योगाची यंत्रं आणि वस्तू सुधारायचं कामच त्यांचं. मुंबईच्या आयआयटीत १९६९ पासून डिझाइनचं शिक्षण आहे, तिथली पोरं खऱ्या गावातला खरा प्रश्न शोधत असतात, पत्र टाकून बघ. केंद्र सरकारने २०२२ मध्ये 'एमएसएमई इनोव्हेटिव्ह' योजना आणली, तिच्यात सूक्ष्म उद्योगाच्या डिझाइनच्या खर्चाला पंचाहत्तर टक्क्यांपर्यंत मदत आहे. योजनांचे नियम बदलतात, म्हणून अर्जाआधी पोर्टलवर स्वतः वाच. एजंटाच्या तोंडून ऐकू नकोस.

आणि योजनेसाठी उद्यम नोंदणी लागेल. ती ऑनलाइन होते, आधारवर होते आणि पूर्ण फुकट आहे. कोणी पाचशे रुपये मागितले तर तिथून उठून ये.