टर्बोचार्जर आणि निष्कास नळीचे माप

हिमालयाच्या पायथ्याशी ओढ्यांच्या काठी धान्य दळणाऱ्या पाणचक्क्या असतात. त्यांना तिकडे घराट म्हणतात. ओढ्याचे पाणी एका लाकडी पन्हळीतून वेगाने खाली येते. ही पन्हळ चाकाकडे निमुळती होत जाते, त्यामुळे पाण्याची धार जोराने पात्यांवर आदळते. चाकाच्या खालून मात्र पाण्यास मोकळी वाट ठेवलेली असते. पावसाळ्यात खालचे पाणी तुंबून चाकापर्यंत चढले, तर वरून कितीही पाणी सोडले तरी चाक मंदावते. चाकाच्या अलीकडे अरुंद वाट आणि चाकाच्या पलीकडे प्रशस्त वाट, असा हा साधा नियम आहे. टर्बोचार्जर बसविलेल्या मोटारीच्या निष्कास नळ्यांची मापे ठरविताना हाच नियम मार्गदर्शक होतो.

वाया जाणाऱ्या शक्तीचा उपयोग

पेट्रोलच्या ज्वलनातून मिळणाऱ्या ऊर्जेचा सुमारे एक तृतीयांश भाग निष्कास वायूंबरोबर बाहेर जातो. या ऊर्जेतील काही अंश परत मिळविण्याची कल्पना स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने मांडली व १९०५ साली तिचे एकस्व घेतले. निष्कास वायूंनी एक लहान टरबाइन फिरवावे, त्याच दांड्यावर दुसऱ्या टोकास संपीडक बसवावा, आणि या संपीडकाने बाहेरची हवा दाबून सिलिंडरांत भरावी, अशी ही योजना होती. सिलिंडरात अधिक हवा मावली म्हणजे अधिक इंधन जाळता येते आणि त्याच आकाराच्या एंजिनापासून अधिक शक्ती मिळते. १९२० च्या दशकाच्या मध्यास ‘प्रॉयसन’ व ‘हान्झेश्टाट डान्झिग’ या दोन जर्मन जहाजांवर हा प्रयोग यशस्वी झाला. त्यांच्या डीझेल एंजिनांची शक्ती १,७५० अश्वशक्तीवरून २,५०० अश्वशक्तीवर गेली.

मोटारगाडीत हे यंत्र येण्यास अधिक काळ लागला. जहाजाचे एंजिन तासन् तास एकाच वेगाने चालते. मोटारीचे एंजिन मात्र क्षणात मंद व क्षणात वेगवान होते. मंद वेगात निष्कास वायू थोडे असतात, वेगात ते अनेक पटींनी वाढतात. या दोन्ही स्थितींत एकाच नळीने काम भागवावयाचे असल्यामुळे मापाचा प्रश्न बिकट होतो.

टरबाइनच्या अलीकडे

सिलिंडरापासून टरबाइनपर्यंतचा मार्ग म्हणजे मॅनिफोल्ड या नावाने ओळखला जाणारा शाखायुक्त नळ होय. निष्कास झडप उघडताच तापलेले वायू एका धक्क्यासरशी बाहेर पडतात. हा धक्का आणि ही उष्णता टरबाइनपर्यंत शक्य तितकी शाबूत पोचली पाहिजे. नळ अवाजवी रुंद असेल, तर वायू त्यात पसरतात, धक्का विरतो आणि मोठ्या पृष्ठभागावरून उष्णता निसटते. म्हणून या शाखा आखूड ठेवतात आणि त्यांचा आतील छेद सिलिंडराच्या निष्कास द्वाराएवढा किंवा त्याहून किंचितच मोठा ठेवतात.

शाखांची जोडणीही महत्त्वाची असते. चार सिलिंडरांच्या एंजिनात ज्वलनाचा क्रम बहुधा १-३-४-२ असा असतो. चारही शाखा एकत्र मिळविल्या, तर एका सिलिंडरातून वायू निघत असतानाच दुसऱ्याचा धक्का येऊन त्याची वाट अडवितो. यासाठी काही टरबाइनांच्या कवचात दोन स्वतंत्र मार्ग ठेवतात. पहिला व चौथा सिलिंडर एका मार्गास आणि दुसरा व तिसरा दुसऱ्या मार्गास जोडतात. मग प्रत्येक मार्गातील दोन धक्क्यांमध्ये भुजादंडाच्या एका पूर्ण फेरीचे अंतर राहते.

शंखाकृती कवच

टरबाइनच्या भोवती शंखासारखे वळत व निमुळते होत जाणारे कवच असते. घराटाच्या पन्हळीचे काम हे कवच करते. त्याच्या मार्गाच्या छेदाचे क्षेत्रफळ आणि त्या छेदाच्या मध्याचे चाकाच्या अक्षापासूनचे अंतर यांच्या गुणोत्तरावरून त्याचे माप सांगतात. हे गुणोत्तर लहान असेल, तर वायूंची धार वेगवान होते आणि टरबाइन मंद वेगातही लवकर जोर धरते. परंतु एंजिन वेगात आले की तीच अरुंद वाट वायूंना कोंडते. गुणोत्तर मोठे असेल, तर वेगात वाट मोकळी राहते. परंतु मंद वेगात चालकाने पाय दाबल्यावर शक्ती येण्यास विलंब लागतो. सर्व मापांत खरी तडजोड करावी लागते ती येथे.

या तडजोडीचा इतिहास बोधप्रद आहे. १९६२ साली अमेरिकेत टर्बोचार्जर असलेल्या दोन मोटारी विक्रीस आल्या. त्यांपैकी शेव्हरोले कॉर्व्हेअर मॉन्झा स्पायडर या गाडीत दाब आवरणारी स्वतंत्र झडप नव्हती. निष्कास मार्ग व कार्ब्युरेटर यांतील अडथळाच दाबास मर्यादा घालीत असे. ओल्ड्समोबिल जेटफायर या दुसऱ्या गाडीत मात्र, दाब ठराविक मर्यादेस पोचताच काही वायू टरबाइनला वळसा घालून सोडून देणारी उपमार्गाची झडप होती. कारागीर तिला वेस्टगेट म्हणतात. पुढे १९७७ साली स्वीडनच्या साब कंपनीने फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात ‘९९ टर्बो’ ही गाडी मांडली. तिच्यात लहान टरबाइन आणि उपमार्गाची झडप यांची सांगड घातलेली होती. लहान टरबाइनमुळे नेहमीच्या रहदारीतील वेगातच शक्ती मिळे आणि झडपेमुळे वरच्या वेगात दाब आवाक्यात राही. त्यानंतरच्या पुष्कळ मोटारींनी हाच मार्ग स्वीकारला.

टरबाइनच्या पलीकडे

टरबाइनमधून बाहेर पडल्यावर वायूंचे काम संपते. आता त्यांना त्वरित वाट मिळाली पाहिजे. तथापि येथे एक समज आड येतो. ‘एंजिनास थोडा प्रतिदाब हवाच असतो’ असे कारागीर सांगतात. टर्बोचार्जर नसलेल्या एंजिनात फार रुंद नळी घातली असता मंद वेगातील जोर कमी होतो, या अनुभवावरून हा समज निघाला. पण तेथे उपयोगी पडतो तो नळीतील वायूंचा वेग. त्या वेगामुळे आणि नळीतील दाबलहरींमुळे सिलिंडर अधिक स्वच्छ रिकामा होतो. प्रतिदाब हे त्या लाभासाठी मोजलेले मूल्य असते, लाभ नव्हे. टर्बोचार्जरच्या गाडीत वायूंचे धक्के बहुतांशी टरबाइनमध्येच खर्च होतात, म्हणून टरबाइनच्या पलीकडे तो लाभ उरत नाही. मूल्य मात्र द्यावेच लागते.

शिवाय हे मूल्य वाढून द्यावे लागते. टरबाइनची शक्ती तिच्या दोन्ही बाजूंच्या दाबांच्या गुणोत्तरावर अवलंबून असते. समजा, संपीडक फिरविण्यास २ हे गुणोत्तर हवे आहे. पलीकडे १ बार, म्हणजे जवळजवळ वातावरणाइतका, दाब असेल तर अलीकडे २ बार पुरतात. पलीकडे नळी तुंबून दाब १.२ बार झाला, तर अलीकडे २.४ बार लागतात. मागे ०.२ बारची अडचण झाली, तर दट्ट्यासमोर ती ०.४ बार होऊन उभी राहते. दट्ट्यास तेवढ्या दाबाविरुद्ध वायू ढकलावे लागतात, अधिक जळके वायू सिलिंडरात मागे राहतात, झडपा अधिक तापतात आणि इंधन वाया जाते.

एक उदाहरण

नळीचा व्यास किती घ्यावा हे अंदाजाने न ठरविता गणिताने ठरविता येते. साब ९९ टर्बोचे एंजिन १,९८५ घन सेंटीमीटरचे, चार धावांचे होते. मिनिटास ५,००० फेऱ्यांना ते १४५ अश्वशक्ती देई. संपीडक वातावरणाच्या वर सुमारे ०.७ बार दाब निर्माण करी. पुढील हिशेबातील इतर आकडे सोयीसाठी गृहीत धरलेले आहेत.

चार धावांच्या एंजिनात दर दोन फेऱ्यांस सिलिंडर एकदा भरतात. म्हणून मिनिटास २,५०० वेळा, म्हणजे सेकंदास सुमारे ८३ लिटर जागा भरावयाची असते. प्रत्यक्षात ती ८५ टक्के भरते असे धरल्यास सुमारे ७० लिटर हवा आत जाते. दाबलेली व तापलेली ही हवा घनमीटरास सुमारे १.५७ किलोग्रॅम भरते. म्हणजे सेकंदास ०.११ किलोग्रॅम हवा होते. तीत पेट्रोल मिळविले की बाहेर पडणारे वायू सुमारे ०.१२ किलोग्रॅम होतात.

टरबाइनच्या पलीकडे या वायूंचे तापमान ७५० अंश सेल्सियस आणि दाब १.१ बार धरला, तर त्यांची घनता घनमीटरास ०.३७५ किलोग्रॅम येते आणि आकारमान सेकंदास ३२० लिटर होते. एंजिनात ७० लिटर शिरतात आणि नळीस ३२० लिटर वाहावे लागतात, हे ध्यानात घेतले म्हणजे नळीच्या रुंदीचे महत्त्व पटते.

आता तीन नळ्यांची तुलना करू. आतील व्यास ५० मिलिमीटर असेल, तर वायूंचा वेग सेकंदास १६३ मीटर होतो; ६० मिलिमीटर असेल तर ११३ मीटर आणि ७३ मिलिमीटर असेल तर ७६ मीटर. तीन मीटर लांबीच्या व पाच वळणांच्या नळीत घर्षण व वळणे यांमुळे होणारी दाबाची हानी अनुक्रमे सुमारे ०.१३, ०.०६ व ०.०२५ बार येते. पहिली नळी टाकून दुसरी घेतल्यास ०.०७ बारची बचत होते. दुसरी टाकून तिसरी घेतल्यास त्याच्या निम्मीच. तिसरी नळी मात्र जड व महाग असते, तिचा आवाज अधिक येतो आणि ती गाडीखाली जमिनीस लागण्याचा संभव असतो. म्हणून या एंजिनास बाजारात मिळणारी अडीच इंची नळी, जिचा आतील व्यास सुमारे ६० मिलिमीटर असतो, योग्य ठरते. ‘जितकी रुंद तितकी चांगली’ हे खरे, परंतु एका मर्यादेनंतर लाभ झपाट्याने घटतो.

मागे जाता जाता वायू थंड होतात. टोकाशी ते ४५० अंशांवर आले, तर त्यांचे आकारमान सुमारे २४० लिटरच राहते. तेथे ५५ मिलिमीटरची नळीही पुरते. सर्वांत रुंद वाट हवी असते ती टरबाइनला लागून असलेल्या नळीस. टरबाइनमधून वायू गरगरत बाहेर पडतात, म्हणून ही नळी एकदम रुंद न करता हळूहळू रुंदावत न्यावी. एकाएकी रुंदी बदलली तर भोवरे उठून दाब वाया जातो. तीव्र कोन आणि चेपलेली वळणे टाळावीत.

झडप, परिवर्तक आणि सायलेन्सर

उपमार्गाच्या झडपेविषयी एक गोष्ट प्रथमदर्शनी उलटी वाटते. टरबाइनचे कवच जितके लहान, तितकी ही झडप मोठी लागते. कारण वरच्या वेगात अधिक वायू वळवून सोडावे लागतात. मागची नळी रुंद केल्यावरही हाच प्रश्न उद्भवतो. टरबाइनला अधिक जोर येतो आणि जुनी झडप पूर्ण उघडूनही दाब चढत राहतो. मग सिलिंडरात ज्योत पोचण्यापूर्वीच उरलेले मिश्रण आपोआप भडकते. यास नॉकिंग म्हणतात. त्याने दट्ट्या वितळून भोक पडण्यापर्यंत हानी होऊ शकते. म्हणून नळीचे माप बदलणे म्हणजे झडपेचे मापही पुन्हा तपासणे होय.

उत्प्रेरक परिवर्तकाच्या आत मधमाश्यांच्या पोळ्यासारखी बारीक छिद्रे असतात. तो वायूंतील कार्बन मोनॉक्साइड, न जळलेले इंधन व नायट्रोजनची ऑक्साइडे यांचे कमी घातक पदार्थांत रूपांतर करतो. भारतात १ एप्रिल १९९५ पासून दिल्ली, मुंबई, कोलकाता व चेन्नई या चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना तो आवश्यक झाला. अडथळा कमी करण्यासाठी तो काढून टाकणे हा उपाय नव्हे. त्याचा छेद नळीहून बराच मोठा ठेवला की वायूंचा वेग त्यात मंदावतो आणि दाबाची हानी थोडी होते. पुरेसा तापल्याखेरीज तो काम करीत नाही, यास्तव त्यास टरबाइनच्या जवळ ठेवतात. मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील कलम ५२ नुसार गाडीत मनास येईल तसे बदल करता येत नाहीत, हेही लक्षात ठेवले पाहिजे.

सायलेन्सरचे काम टर्बोचार्जरच्या गाडीत थोडे हलके होते, कारण वायूंचे धक्के टरबाइनने आधीच मोडलेले असतात. म्हणून जिच्यातून वायू सरळ जातात अशी सच्छिद्र नळी आणि तिच्याभोवती काचतंतूंचे वेष्टन, अशा रचनेचा सायलेन्सर पुष्कळदा पुरतो.

शेवटी, गणिताची परीक्षा मोजमापाने करावी. टरबाइनच्या दोन्ही बाजूंस व परिवर्तकाच्या मागे दाबमापक जोडून पूर्ण भारावर दाब पाहिले, म्हणजे अडथळा कोणत्या भागात आहे हे कळते. मग सगळी नळी न बदलता तेवढाच भाग सुधारता येतो. चाकाच्या अलीकडे धार आणि पलीकडे वाट, हा ओढ्याकाठच्या चक्कीचा नियम आहे. धार किती आणि वाट किती, हे मात्र मोजूनच ठरवावे लागते.

अभ्यासासाठी प्रश्न

१. टरबाइनसाठी दाबांचे गुणोत्तर २.५ हवे आहे. पलीकडचा दाब १ बारवरून १.१ बार झाला, तर अलीकडचा दाब किती वाढेल?

२. वरील उदाहरणातील वायूंचे प्रमाण दीडपट झाले आणि वेग तोच ठेवावयाचा असेल, तर ६० मिलिमीटरऐवजी किती व्यासाची नळी लागेल?

३. मॅनिफोल्डच्या शाखा रुंद केल्यास मंद वेगात टरबाइनवर काय परिणाम होईल? कारणे द्या.